गणपतीचा दात आणि नदीपार नेलेले देव

२०१७ साली चवथ २५ ऑगस्टला होती. त्याच्या तीनच दिवस आधी 'अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी' नावाचा व्हिडिओ गेम बाजारात आला. कॅलिफोर्नियातील 'नॉटी डॉग' या कंपनीने तो सोनीच्या प्लेस्टेशन ४ साठी तयार केला होता. त्यातील नायिका पश्चिम घाटातल्या रानात, होयसळांच्या पडक्या देवळांतून, गणपतीचा तुटलेला दात शोधत फिरते. अमेरिकेतल्या मंडळींनी तारीख ठरवताना आपले पंचांग पाहिले असेल असे वाटत नाही. पण योग असा जुळला, की डिचोली-पेडण्यातल्या मूळ घरी चवथीला जमलेल्या काही मुलांच्या सामानात ते खेळाचे यंत्र आणि ही तबकडीही होती. पुढच्या दालनात माटोळीखाली घरचा गणपती आणि मागच्या खोलीत पडद्यावर त्याच गणपतीच्या दाताचा शोध, असा प्रकार त्या वर्षी आमच्या मुळगावातही घडला.

ज्यांनी असे खेळ पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगतो. हा खेळ म्हणजे एक चालता सिनेमाच. पात्रे बोलतात, भांडतात, विनोद करतात. फरक इतकाच, की कड्यावरून उडी मारायची वेळ आली की ती खेळणाऱ्याने मारायची. नायिका क्लोई फ्रेझर. तिचे वडील भारतीय. गणपतीच्या दाताचा ध्यास घेऊन ते रानात गेले आणि लुटारूंच्या हातून मारले गेले. ती वाढली आईकडे, ऑस्ट्रेलियात. सोबतीला नादिन रॉस ही दक्षिण आफ्रिकेची माजी भाडोत्री सैनिक आणि समोर आसव नावाचा बंडखोर म्होरक्या. जीपगाडी, धबधबे, बंदुका, शेवटी धावत्या आगगाडीवर मारामारी. या साऱ्याच्या मुळाशी पुराणातली एक गोष्ट आहे आणि मला लिहायचे आहे ते तिच्याविषयी.

गणपती एकदंत कसा झाला याची उत्तरे अनेक. व्यासांचे महाभारत लिहिताना लेखणी मोडली म्हणून त्याने स्वतःचाच दात मोडून घेतला, ही एक. उंदरावरून पडला, चंद्र हसला, म्हणून रागाने दात उपटून चंद्रावर फेकला, ही दुसरी. चवथीचा चंद्र पाहू नये म्हणून आपल्याकडे घरोघर सांगतात ती हीच. तिसरी ब्रह्मांड पुराणातली. परशुराम शंकराच्या भेटीला कैलासावर आला, गणपतीने त्याला दारात अडवले, झटापट झाली आणि परशुरामाने परशू फेकला. तो परशू खुद्द शंकराने दिलेला. वडिलांचे शस्त्र व्यर्थ जाऊ नये म्हणून गणपतीने तो घाव दातावर झेलला. खेळाने ही तिसरी कथा घेतली. देवळांच्या भिंतींवर तीच कोरलेली दिसते, आणि एके ठिकाणी तर मूर्तींच्या सावल्या भिंतीवरच्या चित्राशी जुळवून दार उघडावे लागते. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे कलावंत चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्यांतून पिढ्यान्‌पिढ्या रामायण दाखवत आले आहेत. २०२१ साली त्यांच्यातल्या परशुराम गंगावणे यांना पद्मश्रीही मिळाली. तेव्हा सावलीतून पुराण सांगणे हे काही आम्हाला कॅलिफोर्नियातून शिकायचे नव्हते.

पण परशुरामाची कथा आल्यावर आमच्या मुलांची पंचाईत झाली. इतर मुलखात परशुराम हा पुराणातला एक तापट ऋषी. कोकणात आणि गोव्यात तो भूमीचा निर्माता. त्याने बाण मारून समुद्र हटवला म्हणून ही जमीन वर आली आणि बाण पडला ती बाणावली, असे आपण लहानपणापासून ऐकतो. काणकोण तालुक्यात पैंगिणीला त्याचे देऊळ आहे. ज्याने पायाखालची जमीन दिली त्यानेच गणपतीचा दात पाडला, हे मुळगावच्या एका दहावीतल्या मुलाला त्या पडद्यापुढे बसून पहिल्यांदा कळले. त्याच्या आजीने ही कथा कधी सांगितलीच नव्हती. तिच्याकडे चंद्राचीच होती. आजीला विचारल्यावर तिने परशुरामाची बाजू घेतली, नातवाने गणपतीची, आणि आरतीची घुमटे वाजू लागेपर्यंत तो वाद चालला. खेळाविषयीच्या ज्या प्रतिक्रिया मी ऐकल्या त्यांत ही मला सर्वांत मोलाची वाटते.

आता होयसळांचे. खेळात हळेबीड आणि बेलूर ही नावे आहेत, पण ती धबधब्यांआड लपलेली, विस्मृतीत गेलेली राजधानीची शहरे म्हणून. खरी बेलूर-हळेबीड घाटाच्या पूर्वेला, हासन जिल्ह्यातल्या उघड्या पठारी मुलखात आहेत. दोहोंत अंतर जेमतेम १६ किलोमीटर. विष्णुवर्धनाने १११७ साली बांधवलेल्या बेलूरच्या चेन्नकेशवाची पूजाअर्चा आजही चालते. हळेबीडच्या भिंतीवरचा नाचरा गणपती पाहायला बस भरभरून लोक जातात. बेलूर, हळेबीड आणि सोमनाथपूरची देवळे २०२३ साली जागतिक वारसा यादीत गेली. कर्नाटकात सहल करून आलेल्या आमच्या मुलांना हा फरक लगेच जाणवला. एकीने विचारले, जिथे पार्किंगचे पैसे घेतात ते गाव हरवले कसे?

मराठी वाचकाला मात्र होयसळ परके नसावेत. देवगिरीचे यादव आणि द्वारसमुद्राचे होयसळ शंभरांहून अधिक वर्षे एकमेकांशी झगडत होते. भिल्लम यादव आणि वीर बल्लाळ यांची सोरटूरची लढाई बाराव्या शतकाच्या अखेरची. पुढे दोघांवरही एकच संकट आले. आधी देवगिरी दिल्लीची मांडलिक झाली. मग १३११ च्या फेब्रुवारीत मलिक काफूरची फौज द्वारसमुद्रावर पोहोचली. तिला वाट दाखवायला आणि रसद पुरवायला रामचंद्र यादवाने आपला दक्षिण सीमेवरचा सरदार दिला होता. फारसी इतिहासकार त्याचे नाव परसदेव दळवी असे लिहितात. परसदेव म्हणजे परशुरामच असावा. गणपतीचा दात पाडणाऱ्याच्या नावाचा मराठी मुलखातला सरदार होयसळांच्या दारापर्यंत शत्रूला घेऊन जातो, ही गोष्ट खेळ लिहिणाऱ्यांच्या हाती लागली असती तर त्यांनी सोडली नसती. आपल्या शालेय पुस्तकांनी ती का सोडली, हे सांगायला नकोच.

खेळ पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांची पहिली तक्रार इतिहासाची नव्हतीच. पायांतल्या बुटांची होती. क्लोई आणि नादिन गाभाऱ्यात बूट घालून शिरतात, देवाच्या खांद्यावर पाय देऊन चढतात. एक काका तेवढ्यावरून उठून गेले. तरुणांचे म्हणणे वेगळे: कर्नाटकातल्या घाटाची गोष्ट, मग शहरातले लोक हिंदी का बोलतात? मुलींना क्लोई आवडली. भारतीय बापाची, परक्या देशात वाढलेली, दैवतांची नावे ठाऊक असलेली पण देवघर नसलेली मुलगी त्यांच्या ओळखीची होती. मुंबई, दुबई, लिस्बनला गेलेल्या घरांतून अशा मुली चवथीला येतातच. पावसाने भिजलेले रान, तांबडी माती, शेवाळलेला दगड हे मात्र सर्वांना पटले. हत्तीला अडचणीतून सोडवून त्याच्यावर बसून जाण्याचा प्रसंग सगळ्यांनी पुन्हा लावायला सांगितला. आमच्या केळबायचे नाव गोव्यात गजलक्ष्मीच्या जुन्या शिल्पांशी जोडलेले आहे. शिवाय या शतकाच्या आरंभी दांडेलीकडून तिळारी-दोडामार्गात हत्ती उतरल्यापासून शेजारच्या बागायतदारांना तो प्राणी फक्त शिल्पातला राहिलेला नाही. हत्ती इतका समंजस कसा, हा त्यांचा प्रश्न.

माझी तक्रार आणखी वेगळी आहे. या जातीच्या सगळ्या साहसकथांना देव हरवलेला लागतो. तो रानात, धुळीत, लोकांनी विसरलेला असावा लागतो, म्हणजे मग बाहेरच्याने येऊन तो सापडवायचा. डिचोली तालुक्याचा इतिहास नेमका उलटा आहे. १५४० मध्ये तिसवाडीतली देवळे पाडली गेली, १५६७ मध्ये साष्टीतली. १५६० साली आलेले इन्क्विझिशन १८१२ मध्ये कायमचे गेले. या काळात देव हरवले नाहीत. लोकांनी ते उचलून नेले. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. दिवाडीचा गणपती शेवटी खांडोळ्याला स्थिरावला. दिवाडीचाच सप्तकोटेश्वर, गोव्याच्या कदंबांचे कुलदैवत, नदी ओलांडून आपल्या तालुक्यात नार्व्याला आला. त्याचे लिंग एका विहिरीच्या बांधकामात लावले होते आणि भाविकांनी ते तिथून काढून आणले, असे सांगतात. १६६८ साली शिवाजी महाराजांनी नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. गोवा सरकारने केलेला अलीकडचा जीर्णोद्धार २०२३ मध्ये पुरा झाला. डिचोली, सत्तरी, पेडणे हे तालुके पोर्तुगिजांच्या हाती आले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, नव्या काबिजादीत. म्हणून नदीच्या या बाजूला देवांना जागा होती.

ज्यांना पलीकडे जाता आले नाही त्यांनी गणपती कागदावर काढला. मूर्ती घरात सापडली तर संकट. कागद घडी करून ठेवता येतो. पत्रीचा किंवा कागदाचा गणपती पुजण्याची चाल गोव्यातल्या काही घरांत आजही आहे, बंदी उठून दोनशे वर्षे झाली तरी. म्हणूनच पडद्यावर गणपती दिसला म्हणून इथे कोणी दचकले नाही. चित्रातला गणपती आमच्याकडे दुय्यम नाही.

देवाला खेळात आणावे की नाही, हा वाद या खेळाच्या आधीपासूनचा आहे. २००९ साली हैदराबादच्या कंपनीने प्लेस्टेशन २ साठी हनुमानावर खेळ काढला, तेव्हा अमेरिकेतले राजन झेड यांनी देवाला बटणांनी नाचवणे योग्य नाही, असा निषेध केला होता. त्यांची भावना समजते. पण पेडण्याकडच्या माणसाने दशावतार पाहिलेला असतो. तिथे सुरुवातीलाच गणपती सोंडेचा मुखवटा लावून रंगमंचावर येतो, ऋद्धिसिद्धी येतात, मोरावर सरस्वती येते. मग काळ्या कपड्यांतला, लांब जिभेचा संकासुर वेद पळवतो आणि प्रेक्षकांशी मालवणीत टिंगल करत गावातल्या पुढाऱ्यांनाही सोडत नाही. गणपतीचे सोंग घेतलेला माणूस दिवसा आपल्याच शेतात राबणारा असतो. तरी तो आला की म्हाताऱ्या बायका हात जोडतात. माणसाच्या अंगावर चढलेला देव ज्यांना चालतो, त्यांना बटणांची अडचण व्हायला नको. अडचण असलीच तर आख्यान नीट लावले की नाही, याची.

शेवटी क्लोईला दात मिळतो आणि विकायचा मोह टाळून तो सांस्कृतिक मंत्रालयाकडे द्यायचे ठरते. जगभर खेळणाऱ्यांना हा शेवट सात्त्विक वाटला असेल. आमच्याकडे एका महाजनाने ऐकताक्षणी विचारले, मंत्रालयाला कशाला? देऊळ कुणाचे, त्याचे महाजन कोण, ते बघितले का? खेळात महाजन नाहीत, पुजारी नाही, जवळचे गावही नाही, त्यामुळे त्यांच्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही.

तीन वर्षांनी पुन्हा तसाच योग आला. २०२० ची चवथ २२ ऑगस्टची. १८ ऑगस्टला 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' हा खेळ आला आणि तो पुण्याचा होता. 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्या संस्थेने तो केला. लोकवर्गणीचा प्रयत्न फसला, तेव्हा संस्थापकांपैकी एकीने स्वतःचा फ्लॅट विकला. भाऊ शोधायला निघालेली राजी, कथा सांगणारे दुर्गा आणि विष्णू, पहाडी शैलीची चित्रे, मधूनमधून सावल्यांच्या बाहुल्या. त्या वर्षीच्या 'गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या पारितोषिकासाठी त्याला नामांकनही मिळाले. देखण्या चित्रांचे कौतुक झाले; मारामारी साधी आणि शेवट अर्धवट, असेही लोक म्हणाले, आणि ते खोटे नाही. महामारीमुळे त्या चवथीला घरी माणसे कमी होती. ज्यांनी खेळ पाहिला त्यांना देवळाच्या पायऱ्या, रांगोळ्या, कमळांची तळी ओळखीची वाटली. पुढे २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज आले. पुण्याच्या खेळात मराठी आवाज मात्र नाहीत. दशावताराच्या गावातल्या माणसाला हे खटकतेच, कारण आख्यान कोणत्या बोलीत लागते यावर तिथे निम्मी रात्र रंगते.

मुळगावच्या त्या दहावीतल्या मुलाने आता संगणकाचे शिक्षण घेतले आहे. त्याच्या वहीत एका खेळाचा आराखडा मी पाहिला. काळोखी रात्र, दिवाडीचा काठ, समोर नार्वे. होडीत भाताच्या पेंढ्याखाली लिंग. चार माणसे, एक वल्हे, वर पहारेकऱ्याची मशाल. बंदूक कुणाकडेच नाही. पाण्याचा आवाज झाला की खेळ संपला, पुन्हा काठावरून सुरुवात. मी विचारले, यात नायक कोण? तो म्हणाला, ते अजून ठरत नाही; चौघांपैकी कुणाचेच नाव कुठे लिहिलेले सापडत नाही.