शिलकेचा हिशेब

मंडळाचा जमाखर्च मी लिहिते. शिल्लक दिसली की आपण टाळ्या वाजवतो. पण ती कोणाच्या पदरातून आली, हे विचारायला मी नामदार गोखल्यांकडून शिकले.

२६ मार्च १९०२. कलकत्त्यास वरिष्ठ कायदे कौन्सिलात अंदाजपत्रकाची चर्चा चालू होती. अध्यक्षस्थानी लॉर्ड कर्झन. १८९२ च्या कायद्याने सभासदांना बोलता येई, पण मत देता येत नसे. सरकारने सात कोटींची शिल्लक दाखवली होती. गोखल्यांनी मात्र अभिनंदनात सामील होण्याचे नाकारले. प्रजा दुष्काळाने गांजलेली असता तिजोरी भरते, ती भरभराटीने नव्हे, तर गरजेहून जास्त कर घेतल्याने, हे त्यांनी आकड्यांनिशी मांडले. मिठासारख्या जिनसेवरही मणामागे अडीच रुपये कर होता! गरिबाच्या भाकरीबरोबरचे मीठही त्यातून सुटले नव्हते.

मताचा अधिकार नसतानाही त्यांनी हा आग्रह दरसाल धरला. पुढे तो कर १९०३ साली दोन रुपये, १९०५ साली दीड व १९०७ साली एक रुपया झाला.

भगिनींनो, यंदा आपल्याही वहीत शिल्लक आहे. टाळ्यांपूर्वी एवढेच पाहू या, की वर्गणीसाठी कोणा भगिनीला घरच्या मीठभाकरीला कात्री लावावी लागली नाही ना?