ओडिनचे ३०० हिट पॉइंट: 'बॅलन्स' हा शब्द घेऊन मागे जाताना

विषय निवडताना आपण बऱ्याचदा आजचा एखादा शब्द खिशात घालतो आणि पन्नास वर्षं मागे जातो. तिथे तो सापडतोच, कारण शोधायला निघालेलो असतो तोच. 'बॅलन्स' हा असा एक शब्द. उदाहरण खेळाचं घेतोय, पण पद्धतीचा प्रश्न तुमच्या विषयालाही लागू पडेल.

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ टेबलाभोवती बसून, बोलून आणि फासे टाकून खेळतात. प्रत्येक खेळाडूचं एक पात्र असतं आणि एकजण पंच असतो. भुयारं, राक्षस, सापळे सगळं तोच मांडतो. लढाया जिंकत गेलं की पात्राची लेव्हल वाढते. मग काही महिन्यांनी पंचापुढे प्रश्न येतो: ही मंडळी आता उडतात, एका मंत्रात खोली जाळतात, यांच्यासमोर आता आणायचं तरी काय?

२००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने याला आकड्यात उत्तर दिलं. प्रत्येक राक्षसाला 'चॅलेंज रेटिंग' मिळालं. चार पात्रं पाचव्या लेव्हलची असतील, तर पाच रेटिंगच्या राक्षसाशी लढताना त्यांची साधारण २० टक्के साधनसामग्री खर्ची पडावी, असा हिशेब. आपल्याला हे इतकं स्वाभाविक वाटतं, की आधीच्या नियमांकडे आपण 'अजून बॅलन्स न जमलेले' म्हणून बघतो. इथेच थांबा.

१९७४ ची मूळ पुस्तिका उघडा. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या त्या तीन छोट्या पुस्तिकांमध्ये भुयारातल्या राक्षसांचा तक्ता आहे. तो तक्ता भुयाराचा मजला विचारतो, पात्राची लेव्हल विचारतच नाही. जितकं खोल जाल तितकं भयंकर भेटण्याची शक्यता जास्त. किती खोल जायचं हे खेळाडूंनी ठरवायचं. वर अनुभवगुणांचा नियम असा, की आठव्या लेव्हलचा जादूगार पाचव्या मजल्यावर रेंगाळला तर त्याला ५/८ च गुण. म्हणजे बलवान पात्राला सोप्या जागी फिरायला कुणी अडवत नाही, फक्त त्यातून मिळकत कमी. धोका माणसांना नव्हे, जागेला चिकटवलेला आहे. त्याच पुस्तिकांत ऑर्क एका वेळी किती भेटतात, तर ३० ते ३००! पण त्या स्तंभाला एक तारांकित टीप आहे: समोरची टोळी बघून पंचाने हा आकडा कमी-जास्त करावा. (तक्ता सगळेच वाचतात. संशोधकाने टीप वाचायची.)

ही टीप पंचावर विश्वास टाकते, कारण पंच त्या खेळाडूंना ओळखतो. कोण घाबरट, कोण उतावळा, कुणाकडे कुठली तलवार आहे, त्याला सगळं ठाऊक असतं. मग आकड्यांची गरज कधी पडली? माझ्या मते, साहसकथा छापून विकायला लागल्यावर.

'टूम ऑफ हॉरर्स' बघा. १९७५ च्या ओरिजिन्स संमेलनातल्या स्पर्धेसाठी गायगॅक्सने हे थडगं वापरलं आणि १९७८ मध्ये ते छापून आलं. बलवान पात्रांसाठीच ते रचलेलं आहे, पण त्यात राक्षस मोजकेच. भिंतीवर हिरव्या सैतानाचं उघडं तोंड आहे, आत शिरलात की संपलात. तिथे पंचाहत्तर हिट पॉइंट असले काय आणि पाच असले काय! बळाला बळाने उत्तर द्यायचंच नाही, ही त्याची युक्ती. आणि तरीही छापील प्रतीच्या मुखपृष्ठावर शिफारस येते: लेव्हल १० ते १४. लेखक आता वाचणाऱ्या टेबलाला कधीच भेटणार नाही, म्हणून त्याला आकडा लिहावा लागतो. मला चॅलेंज रेटिंगची मुळं या मुखपृष्ठांवर दिसतात.

अनोळखी टेबलांवर काय चाललं होतं, याचा सर्वात बोलका पुरावा एका रागावलेल्या प्रस्तावनेत आहे. १९७६ च्या 'गॉड्स, डेमी-गॉड्स अँड हीरोज' या पुरवणीत संपादक टिम कास्क सढळ हाताने खजिना वाटणाऱ्या पंचांना सुनावतो. त्याचा मुद्दा असा की खुद्द ओडिनला ३०० च हिट पॉइंट आहेत, तर चव्वेचाळिसाव्या लेव्हलचा सरदार कुणी गंभीरपणे घ्यावा? (या पुस्तकात भारतीय देवांचंही प्रकरण आहे. त्यांचेही हिट पॉइंट मोजलेत, ते वाचून आपल्याकडे काय वाटेल तो वेगळा लेख.) मनाई वाचली की काय चालू होतं ते कळतं, हे तुम्हाला दप्तरातल्या हुकुमांवरून माहीत आहेच. ४० च्या वरची पात्रं सर्रास नसती, तर कास्कने शाई खर्च केली नसती. पण इलाजही बघा कसा: देवांना आकडे दिले. आकडा दिला की तो मारता येतो. देवांचं पुस्तक काही टेबलांवर शिकारीची यादी झालं, यात नवल ते काय.

नंतरच्या आवृत्त्यांत सूत्र बारीक होत गेलं, पण मोठ्या लेव्हलला ते ढिलं पडतच राहिलं. कारण साधं आहे. चौघे एका फेरीत चार कृती करतात, एकटा राक्षस एक. त्यात एखाद्याचा बंधनाचा मंत्र लागला की लढाई आटोपली. म्हणून २००८ च्या चौथ्या आवृत्तीत पाच पात्रांना एकटा पुरेल असा 'सोलो' राक्षस आला. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत बड्या राक्षसांना दुसऱ्यांच्या पाळीनंतर हालचाल करायची मुभा मिळाली आणि ठरावीक वेळा मंत्र सरळ झुगारायचीही. हे नियम मला कबुलीजबाबासारखे वाटतात. मुख्य सूत्र पुरतं, तर ही ठिगळं लावली नसती.

या दिशेने काम करायचं असेल तर नियमपुस्तकं शेवटी वाचा. आधी १९७८ ते ८५ मधल्या छापील साहसकथांची मुखपृष्ठं आणि मागची पात्रयादी काढा. स्पर्धेच्या साहसांमध्ये तयार पात्रं दिलेली असत, म्हणजे तिथे लेखकाला समोर नेमकं कोण येणार हे माहीत होतं. घरी खेळायच्या साहसांत ते माहीत नव्हतं. दोन्ही गट शेजारी ठेवा आणि लेव्हलची शिफारस कुठे किती सैल आहे ते मोजत जा.