शीवच्या बांधावरील टोल

मुंबईच्या सात बेटांस एकमेकांशी सांधणाऱ्या बांधांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या बेटांस बाहेरच्या भूमीशी जोडणाऱ्या शीवच्या बांधाची, आणि विशेषतः त्यावरील टोलाची, हकीकत मात्र क्वचितच सांगितली जाते.

शीव म्हणजे सीमा. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, तेव्हापासून १७७४ च्या अखेरीपर्यंत खाडीपलीकडील साष्टी मराठ्यांकडे होती. दोन राज्यांच्या शिवेवर पूल कोण बांधणार? साष्टी कंपनीच्या हाती गेली, १७८२ च्या सालबाईच्या तहाने तो ताबा पक्का झाला, आणि मगच गव्हर्नर जोनाथन डंकन यांच्या अमदानीत, मे १७९८ मध्ये, काम सुरू झाले. ते जानेवारी १८०५ मध्ये पुरे झाले. खर्च ५०,५७५ रुपये. (साष्टी हेही वस्तुतः बेटच, परंतु मुंबईकरांस तेव्हा तीच मुख्य भूमी होती.)

१८०९ मध्ये मुंबईस आलेल्या मारिया ग्रॅहॅमबाईंनी या बांधाचे वर्णन केले आहे. दगडी बांधणी, मध्ये उचलता पूल, आणि रुंदी इतकी बेताची की वादळी हवेत गाड्यांस धोका. तथापि रोजचा भाजीपाला व धान्य शहरात आणणाऱ्या शेतकऱ्यांस व माळ्यांस त्याचा मोठाच उपयोग, असे त्या म्हणतात. मग टोलाचा भार अखेर कोणाच्या चुलीवर पडत असेल, हे सांगावयास नकोच. १८२६ मध्ये, एल्फिन्स्टन गव्हर्नर असता, आणखी ४०,००० रुपये खर्चून बांधाची रुंदी दुप्पट झाली. टोल उठला तो १८३१ मध्ये.

माहीम व वांद्रे यांमध्ये मात्र अद्याप नावच होती. तेथे बांध घालण्यास पैसा देण्याचे कंपनी सरकारने नाकारले. तेव्हा सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी आवाबाई यांनी १,५७,००० रुपये दिले. अट एकच, लोकांकडून टोल घेऊ नये. आमच्या मते ही अट त्या रकमेहूनही मोलाची होय. एरवी पैसा एकाचा आणि वसुली दुसऱ्याची, असे व्हावयास वेळ लागला नसता. १८४५ मध्ये हा रस्ता खुला झाला.

पुढे २००९ मध्ये माहीमच्याच उपसागरावर वांद्रे-वरळी सागरी सेतू सुरू झाला, आणि त्यावर टोल बसला. ज्यास तो द्यावयाचा नसेल, तो आजही आवाबाईंच्या रस्त्याने जातो.