गुन्तो: जपानी लष्करी तलवारींच्या अभ्यासाला प्रस्तावना

जपानी लष्करी तलवारींच्या अभ्यासाची एक गंमत सुरुवातीलाच सांगायला हवी. हा अभ्यास जपानमध्ये नीट करता येत नाही, कारण ज्या तलवारींचा तो अभ्यास आहे त्यांतल्या बहुसंख्य तिथे बाळगताच येत नाहीत. जपानी कायद्याप्रमाणे तलवार घरात ठेवायची तर कलावस्तू म्हणून तिची नोंदणी व्हावी लागते, आणि नोंदणी होते ती पारंपरिक पद्धतीने घडवलेल्या पात्याची. युद्धकाळात गिरणीतल्या पोलादी पट्टीतून काढलेले, तेलात पाणी दिलेले पाते या व्याख्येत बसत नाही. असे पाते सापडले तर पोलीस ते ताब्यात घेतात आणि नष्ट करतात. आजोबांनी युद्धातून आणलेली तलवार मूळ मालकाच्या घरी परत पाठवावी असे एखाद्या अमेरिकन नातवाच्या मनात आले, तरी ती त्या घरापर्यंत पोहोचेलच असे नाही. त्यामुळे या विषयाचे जाणकार तयार झाले ते अमेरिका, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, नेदरलँड्स अशा ठिकाणी, म्हणजे बहुतांशी ज्यांच्या सैनिकांनी या तलवारी घरी नेल्या त्यांच्यात.

नव्याने या वाटेला येणाऱ्याचे मनापासून स्वागत. जपानी येत नाही, गाठीला पैसा नाही, जवळ एकही तलवार नाही, यातले काहीही आड येत नाही. एक सवय मात्र लागते. तलवार पाहताना मनातल्या मनात तिचे सुटे भाग करायचे नाहीत. पाते, मूठ, म्यान, मुठीला बांधलेला गोंडा आणि नशीब असेल तर सोबतची एखादी जीर्ण चिठ्ठी, हे सगळे मिळून एक पुरावा असतो. व्यापारात पात्याचा भाव वेगळा, साजाचा वेगळा, आणि चिठ्ठी बहुधा केराच्या टोपलीत. माझे या क्षेत्राशी भांडण आहे ते एवढेच, आणि ते पुढच्या मजकुरात अधूनमधून डोके वर काढणार आहे.

लष्करी तलवारीला जपानीत गुन्तो म्हणतात. तिची कहाणी सुरू होते ती तलवारबंदीपासून. मार्च १८७६ मध्ये मेइजी सरकारने सार्वजनिक ठिकाणी तलवार बाळगण्यास मनाई केली. सामुराईंच्या कमरेची तलवार गेली आणि पिढीजात तलवारसाजांची चूल विझत आली. मनाईतून गणवेशधारी सैनिक आणि पोलीस वगळले होते. म्हणजे तलवार पुढे जगली ती सरकारी नोकरीत. पण ही नवी सेना आधी फ्रेंच आणि मग जर्मन वळणावर उभी राहात होती, त्यामुळे अधिकाऱ्यांच्या हाती आली ती युरोपीय धाटणीची, बोटांवरून वळलेल्या पितळी परजाची सेबर. हिला संग्राहक क्यू-गुन्तो, म्हणजे जुनी लष्करी तलवार, म्हणतात. तिच्या चकचकीत पोलादी म्यानात कित्येकदा घराण्यातले जुने जपानी पाते बसवलेले असे. आपल्याकडच्या फिरंगेत पाते युरोपचे आणि मूठ दख्खनची. इथे नेमके उलटे.

१९३१ मध्ये मांचुरिया व्यापल्यानंतर जपानी लष्करात जो स्वदेशी आवेश चढला, त्याने १९३४ मध्ये ही सेबर मोडीत काढली. नवा नमुना, शिन-गुन्तो, कामाकुरा काळातल्या ताची तलवारीवरून बेतला: दोन्ही हातांची मूठ, रे माशाच्या कातड्यावर आवळलेली वीण, चेरीच्या फुलांचे साज, आणि धार खाली ठेवून कमरेला टांगायची पद्धत. खंदकात यंत्रबंदुका चालत असताना सातशे वर्षांमागचा पोशाख चढवण्याचा हा खटाटोप लष्करी गरजेपेक्षा राजकारणाचा होता, असे माझे मत आहे. अर्थात दिसायला तो देखणा आहे, हेही नाकारण्यात अर्थ नाही.

इथे नमुन्यांच्या आकड्यांचा घोळ एकदाच मिटवून टाकू. जिम्मू सम्राटाचे राज्यारोहण इसवी सनापूर्वी ६६० मध्ये झाले असे मानून जपानने जी कालगणना चालवली, तिच्यात १९३४ हे वर्ष २५९४ येते. शेवटचे दोन आकडे घेतले की झाला ९४ चा नमुना. तसाच १९३५ चा ९५, १९३७ चा नौदलाचा ९७, १९३८ चा ९८. पण सेबरच्या काळातला ३२ चा नमुना या हिशेबात बसत नाही; तो मेइजी सम्राटाच्या ३२ व्या वर्षातला, म्हणजे १८९९ चा. ९४ आणि ९८ एका दृष्टिक्षेपात वेगळे ओळखायचे तर म्यानावरच्या टांगण्याच्या कड्या पाहाव्यात: ९४ ला दोन, त्यांतली एक सुटी होणारी, आणि ९८ ला एकच. युद्धाच्या शेवटच्या वर्षांत आणखी साधा, लाखेने माखलेल्या मुठीचा आणि लाकडी म्यानाचा नमुना आला. त्याला गरिबाघरची तलवार समजून पुष्कळ वर्षे कुणी विचारत नव्हते. आता विचारतात.

अधिकारी आणि त्यांच्या खालचे हुद्दे यांतला फरक नमुन्यापेक्षाही महत्त्वाचा आहे. ९५ चा नमुना हा सार्जंट दर्जाच्या शिपायांसाठी, सरकारी शस्त्रागारातून मिळणारा. मूठ आधी तांब्याची, मग ओतीव अ‍ॅल्युमिनियमची, वर विणीचा आभास देऊन रंगवलेली. पात्यावर क्रमांक ठोकलेला, तोच म्यानाच्या तोंडाशी. दोन्ही जुळले तर उत्तम. अधिकाऱ्याला मात्र तलवार स्वतःच्या पैशाने घ्यावी लागे. पुष्कळजण ती काईकोशा या अधिकारी संघटनेच्या दुकानातून घेत. नौदलाची तशीच सुइकोशा होती. पैसे ज्याचे, निवड त्याची. म्हणून वरून एकसारख्या दिसणाऱ्या शंभर शिन-गुन्तोंच्या आत शंभर तऱ्हेची पाती असू शकतात.

ती पाहायची कशी? मुठीच्या बाजूला मेकुगी नावाची बांबूची बारीक खुंटी असते. ती हलकेच ठोकून काढली की मूठ सरकते, आणि एरवी झाकलेला पात्याचा शेवटचा भाग, नाकागो, उघडा होतो. कारागीर सही करतो ती इथे, तारीख घालतो ती इथे, सरकारी शिक्का बसतो तोही इथेच. नाकागोवरचा गंज हा कारागिराच्या सहीइतकाच मोलाचा असतो. शतकांचा गंज काळपट, घट्ट बसलेला. १९४० च्या आसपासचा करडा किंवा लालसर, खाली कानशीचे ओरखडे अजून ताजे. घरातल्या उत्साही माणसाने पॉलिश पेपर घेऊन तो घासून काढला की वयाचा पुरावा गेला, कायमचा. या क्षेत्रातले सर्वांत मोठे नुकसान चोरांनी केलेले नाही. ते स्वच्छतेच्या हौसेने केले आहे.

शिक्क्यांबद्दल थोडे सविस्तर. गिफू प्रांतातले सेकी हे सुऱ्या-कात्र्यांचे जुने गाव, आणि युद्धकाळातल्या तलवारींचा मोठा वाटा तिथलाच. सेकीचा किंवा शोवा या तेव्हाच्या युगाच्या नावाचा छोटा शिक्का नाकागोवर दिसला तर पाते पारंपरिक नाही असे धरून चालावे. अशा पात्यांना शोवातो म्हणतात. याउलट तारेचा शिक्का असेल तर लष्कराने मान्यता दिलेल्या कारागिराने, लष्कराने पुरवलेल्या तामाहागाने या पारंपरिक पोलादातून, जुन्या रीतीने घडवलेले पाते, म्हणजे गेन्दाईतो. शिक्काच नसला तर? तर काहीच सिद्ध होत नाही. मग हामोन, म्हणजे धारेलगतची पाणी दिल्याची रेघ, आणि पोलादाचा पोत पाहावा लागतो, आणि ते डोळे पुस्तकातून येत नाहीत.

या दोन टोकांच्या मध्ये जे आहे ते मला सर्वांत रंजक वाटते. १९३३ मध्ये तोक्योच्या यासुकुनी देवस्थानाच्या आवारात लष्कराच्या आश्रयाने एक भट्टी सुरू झाली. तिच्यासाठी शिमाने प्रांतात लोहवाळू वितळवणारी जुन्या पद्धतीची तातारा भट्टी पुन्हा पेटवली गेली. १९४५ पर्यंत इथे सुमारे आठ हजार पाती घडली. या कारागिरांच्या दीक्षानामात 'यासु' हे अक्षर येते, आणि त्यांचे काम कुणाही जुन्या उस्तादाच्या शेजारी ठेवावे असे आहे. शिमानेतल्या त्याच जागी १९७७ मध्ये तातारा पुन्हा सुरू झाली आणि आजच्या जपानी तलवारसाजांना पोलाद मिळते ते तिथून. दुसरीकडे दक्षिण मांचुरिया रेल्वे कंपनी. रेल्वे कंपनीने तलवारी कराव्यात हे ऐकायला चमत्कारिक, पण तिच्या दाइरेनच्या कारखान्याने मांचुरियाच्या कडाक्याच्या थंडीत न तडकणारे पाते तयार केले, आणि त्याच्या नाकागोवर 'कोआ इश्शिन' अशी अक्षरे कोरली: आशियाचे उत्थान, एकदिलाने. साम्राज्याची घोषणा पोलादावर, तीही मुठीखाली झाकलेली. नौदलाने समुद्राच्या खाऱ्या हवेसाठी स्टेनलेस पोलादाची पाती केली. कलाप्रेमी त्यांच्याकडे नाक मुरडतात. मला ती प्रामाणिक वाटतात.

आणि मग येते ती सोडत. काही अधिकाऱ्यांनी घराण्यातली जुनी पाती लष्करी साजात बसवली होती. कुणाच्या मळकट तपकिरी म्यानातून सोळाव्या शतकातले पाते निघाले की ती बातमी संग्राहकांत वाऱ्यासारखी पसरते. या आशेने व्यापार चालतो आणि याच आशेने तो बिघडतोही. पाते जुने निघाले की ते साध्या लाकडी म्यानात जाते आणि लष्करी साज सुटा विकला जातो. १९४४ मध्ये ब्रह्मदेशात हिंडलेल्या एका माणसाने पणजोबांचे पाते का बरोबर घेतले, हा प्रश्न विचारण्याची सोय त्या क्षणी संपते.

लबाडीचे प्रकार पुष्कळ आहेत. ९५ च्या नमुन्याच्या नव्या नकला ढिगाने येतात: ओतीव मुठीवर फुगवटे आणि छिद्रे, शिक्क्यांचे आकार ढोबळ, आम्लाने उमटवलेला हामोन. पण मला जास्त चिंता वाटते ती अर्धसत्य तलवारीची, जिचे सगळे भाग अस्सल पण एकमेकांचे नव्हेत. यावर एक उपाय कारागिरांनीच करून ठेवला आहे. परजाच्या दोन्ही अंगांना सेप्पा नावाच्या पातळ चकत्या असतात. सेप्पा, परज आणि इतर भागांवर बहुधा एकच क्रमांक ठोकलेला असतो. तो जुळला तर साज एकत्र जन्मलेला. गोंड्यावर मात्र विसंबू नये. तपकिरी-निळा कनिष्ठ अधिकाऱ्यांचा, तपकिरी-लाल मेजर ते कर्नलपर्यंतचा, सोनेरी मिसळलेला जनरलचा, हे खरे. पण गोंडा बदलायला मिनिटही लागत नाही.

या तलवारी जपानबाहेर कशा गेल्या? शरणागतीच्या वेळी तलवारी जाहीरपणे हवाली करून घेण्याचा प्रकार अमेरिकन सेनापती मॅकआर्थरला कालबाह्य वाटत होता. आग्नेय आशियात माउंटबॅटन आणि स्लिम या ब्रिटिश सेनानींनी मात्र तो आग्रहाने घडवून आणला. नोव्हेंबर १९४५ मध्ये सायगावला फील्ड मार्शल तेराउची यांनी आपल्या दोन तलवारी माउंटबॅटन यांच्या हवाली केल्या. ब्रह्मदेशातले सेनापती किमुरा यांची तलवार स्लिमकडे गेली. या आघाडीवर भारतीय पलटणी मोठ्या संख्येने होत्या. मार्च १९४४ मध्ये कोहिमा-इंफाळच्या वाटेवरच्या सांगशाक इथे मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण लढली. त्यामुळे महाराष्ट्रातल्या एखाद्या जुन्या लष्करी घरातून गुन्तो निघाली तर नवल नको. खुद्द जपानात देशाचा ताबा घेतलेल्या सैन्याने गोळा केलेल्या तलवारींचा ढीग तोक्योच्या आकाबाने भागात पडला होता. होन्मा जुन्जी यांच्यासारख्या अभ्यासकांनी अधिकाऱ्यांना पटवून त्यातली हजारो कलापूर्ण पाती वितळण्यापासून वाचवली. सातसुमाच्या तेरुकुनी देवस्थानाची कुनिमुने ही राष्ट्रीय ठेवा असलेली तलवार अमेरिकेत जाऊन पोहोचली होती. वॉल्टर कॉम्प्टन या संग्राहकाने ती ओळखली आणि १९६३ मध्ये परत केली.

या कौतुकाला दुसरी बाजू आहे. ऑक्टोबर १९४३ मध्ये न्यू गिनीतल्या आइतापे इथे लिओनार्ड सिफ्लीट या ऑस्ट्रेलियन युद्धकैद्याचा तलवारीने शिरच्छेद झाला. त्या क्षणाचे छायाचित्र पुढे एका मृत जपानी सैनिकाजवळ सापडले. चीनपासून प्रशांत महासागरातल्या बेटांपर्यंत असे किती घडले याचे भान ठेवूनच गुन्तो हाती घ्यावी. काही विक्रेते पुराव्यावाचून अशा कहाण्या चिकटवून भाव चढवतात. तो माल घेऊ नये, इतके साधे आहे.

घरात तलवार सापडली तर आधी कायदा. भारतात १९५९ चा शस्त्र अधिनियम आहे. आपल्या भागात परवाना लागतो का हे स्थानिक पोलिसांना विचारून घ्यावे. पाते शंभर वर्षांहून जुने निघाले तर १९७२ चा पुरावस्तू कायदाही लागू होऊ शकतो. ब्रिटनमध्ये २००८ पासून वक्र तलवारींच्या विक्रीवर बंदी आहे, पण १९५४ पूर्वीच्या आणि पारंपरिक पद्धतीने केलेल्या तलवारी तिच्यातून वगळल्या आहेत. मग पात्यावर तेलाचा पातळ हात, बोटांचे ठसे पडू न देता. घासणे नाही, धार लावणे तर नाहीच. चिठ्ठी, कापडाची पट्टी, लाकडी फळी, जे काही बांधलेले असेल ते सोडू नये. शरण आलेल्या अधिकाऱ्याचे नाव त्यावर असू शकते. नाकागोचे फोटो दोन्ही बाजूंनी, तिरप्या उजेडात घ्यावेत.

त्या फोटोंवरून पहिली तारीख कुणालाही वाचता येते. शोवा युगाच्या वर्षात १९२५ मिळवले की इसवी सन येतो. दहाचे चिन्ह आपल्या अधिकाच्या खुणेसारखे असते. एक, दोन, तीन म्हणजे तितक्याच आडव्या रेघा. अधिकाच्या खुणेखाली तीन रेघा दिसल्या की शोवा १३, म्हणजे १९३८. आता म्यानाकडे पाहा. ते जर युद्धाच्या अखेरच्या लाखेच्या नमुन्याचे असेल, तर पाते आणि साज यांच्यात पाच-सहा वर्षांचे अंतर आहे. पाते तेवढी वर्षे कुठे होते, की साज नंतर कुणी बदलला? नाकागोला मेकुगीची भोके किती आहेत ते मोजा आणि सेप्पांवरचे क्रमांक जुळतात का ते पाहा.