तान्ह्या ताऱ्यांवर वायू कोसळतो तेव्हा...

नवजात ताऱ्याभोवती वायू आणि धूळ यांची तबकडी फिरत असते व तीतील द्रव्य गोळा करीत तारा वाढतो, हे आता सर्वपरिचित आहे. मात्र हे द्रव्य तबकडीतून ताऱ्यावर नेमके कसे उतरते, हा प्रश्न दीर्घकाळ अनुत्तरित होता. सरकत सरकत ते ताऱ्याच्या विषुववृत्ताला भिडत असावे, अशी जुनी कल्पना होती. निरीक्षणे वेगळेच सांगतात.

माउंट विल्सन वेधशाळेतील आल्फ्रेड जॉय यांनी १९४५ मध्ये प्रकाश अनियमितपणे बदलणाऱ्या अकरा ताऱ्यांचा एक गट वेगळा काढला. वृषभ तारकासमूहातील टी टॉरी या ताऱ्यावरून त्याला नाव मिळाले. हे सूर्यासारख्या ताऱ्यांचे बालपण होय, हे पुढे स्पष्ट झाले. त्यांचे चुंबकीय क्षेत्र हजार गॉसच्या घरातील, म्हणजे पृथ्वीच्या हजारो पट असते. तबकडी ताऱ्याच्या काही त्रिज्या अंतरावर आली की हे क्षेत्र तिला अडवते. आतील तप्त वायू आयनीभूत, म्हणजे विद्युत्‌भारित कणांचा असल्याने त्याला बलरेषा ओलांडून जाता येत नाही. तो रेषांवरूनच कमानीसारखा वर उचलला जातो आणि बहुधा ध्रुवांजवळ कोसळतो. वेग सेकंदाला सुमारे ३०० किलोमीटर. पृष्ठभागाशी आघात होऊन वायूचे तापमान दहा लाख अंशांपलीकडे जाते. त्यातून क्ष-किरण निघतात, तर खालचा भाग तापून अतिनील प्रकाशाने झळाळतो. हेच ते ‘तप्त डाग’. तारा स्वतःभोवती फिरताना ते कधी समोर येतात, कधी आड जातात. शिवाय वायूचा ओघही कमीजास्त होतो. जॉय यांना दिसलेल्या चंचलतेचे बरेचसे रहस्य यातच आहे.

हे सारे पूर्वी वर्णपटावरून केलेले अनुमान होते. वासुकी तारकासमूहातील टीडब्ल्यू हायड्री हा तारा सुमारे १९५ प्रकाशवर्षांवर, म्हणजे खगोलीय मापाने अगदी शेजारी आहे. चिलीतील पारानाल येथील चार दुर्बिणींचा प्रकाश एकत्र करणाऱ्या ‘ग्रॅव्हिटी’ या उपकरणाने त्याभोवतीच्या हायड्रोजनच्या प्रकाशाचे क्षेत्र मोजले. ते ताऱ्याच्या साडेतीन त्रिज्यांइतकेच भरले, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. एवढ्या लहान जागेचा मेळ तबकडीतून सुटणाऱ्या वाऱ्याशी बसत नाही, चुंबकीय कमानींशी बसतो. पुढील वर्षी सारथी तारकासमूहातील जीएम ऑरिगी या ताऱ्याचा अतिनील प्रकाश दृश्य प्रकाशाच्या सुमारे एक दिवस आधी शिखराला पोहोचतो, असे आढळले. तप्त डागाची घनता सर्वत्र सारखी नाही, असा त्याचा अर्थ लावण्यात आला.

एक कोडे अजून उरतेच. फिरत्या तबकडीतून एवढे द्रव्य गिळणारा तारा भोवऱ्यासारखा गरगरायला हवा. प्रत्यक्षात अशा अनेक ताऱ्यांना एका फेरीसाठी आठवडाभर लागतो. ही गती तबकडीशी जखडलेल्या बलरेषा रोखतात, की ताऱ्यावरून सुटणारे वारे ती वाहून नेतात, यावर शास्त्रज्ञांत एकमत नाही.