चिरूट निवडणारा पंतप्रधान

डेन्मार्क हा चिमुकला देश. लोणी आणि खारवलेले डुकराचे मांस विकावे, त्यावर चालावे, असा त्याचा जुना प्रपंच. गिऱ्हाईक मुख्यतः इंग्लंड. १९३२ साली ओटावा येथे इंग्लंडने आपल्या साम्राज्यातील देशांच्या मालाला सवलत दिली आणि डॅनिश शेतकऱ्याच्या तोंडचे पाणी पळाले. भाव कोसळले, कर्जात शेते बुडू लागली. शहरांत विमा उतरलेल्या कामगारांपैकी शंभरात चाळिसांहून अधिक बेकार बसले होते.

अशा वेळी पंतप्रधान होते थोरवाल्ड स्टाउनिंग. जन्म १८७३, कोपनहेगनच्या कामगार वस्तीतला. तंबाखूच्या कारखान्यात तयार चिरुटांची रंगावरून निवड करणे हा त्यांचा धंदा. पुढे १९१० मध्ये ते सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्ष झाले, १९२४ मध्ये पंतप्रधान. शिक्षक मंडळींसाठी सांगतो, त्या मंत्रिमंडळात शिक्षणखाते नीना बांग या बाईंकडे होते. डेन्मार्कच्या त्या पहिल्या स्त्री मंत्री.

१९३३ च्या जानेवारीत मालकांनी मजुरीत मोठी कपात मागितली आणि १ फेब्रुवारीपासून कारखान्यांना टाळे लावण्याची धमकी दिली. शेतकऱ्यांचा पक्ष होता ‘व्हेन्स्त्र’. नावाचा अर्थ ‘डावा’, पण वागणे मात्र उजवे! त्याला हवे होते चलनाचे अवमूल्यन. स्टाउनिंगच्या पक्षाला ते नको होते, कारण बाहेरचा माल महागला की कामगाराची चूल महागते.

२९ जानेवारीला कान्सलरगेड या रस्त्यावरील स्टाउनिंगच्या घरी बैठक बसली ती रात्रभर चालली. बोलणी फिसकटली, मंडळी कोट चढवून निघालीही, तेव्हा यजमानांनी आणखी एक पेला व्हिस्की घ्यायला थांबवले, असे सांगतात. पहाटे सौदा जमला. पौंडाला साडेबावीस क्रोन भाव ठरला. तुम्ही विचाराल, याने शेतकऱ्याचे काय भले? इंग्लंडात लोणी विकून येणाऱ्या त्याच पौंडाचे घरी अधिक क्रोन होणार. बदल्यात शेतकऱ्यांच्या पक्षाने मजुरी वर्षभर तशीच ठेवणे आणि स्टाइंके या मंत्र्यांचे समाजसुधारणेचे कायदे यांना वाट दिली. त्याआधी गरीबनिधीची मदत घेणाऱ्यावर मतदानाचा हक्क गमावण्याची पाळी येई. ती बहुतेकांपुरती टळली. फुकट मात्र काहीच नव्हते. कामगाराचा संपाचा हक्क वर्षभर गेला.

३० जानेवारी, त्याच दिवशी बर्लिनमध्ये हिटलर चान्सलर झाला. गंमत पाहा, ‘कान्सलरगेड’ म्हणजे चान्सलरचाच रस्ता.

शेतकऱ्यांचे दुखणे मात्र लगेच मिटले नाही. १९३५ च्या उन्हाळ्यात हजारो शेतकरी राजधानीवर चालून आले. तरी त्या वर्षीच्या निवडणुकीत स्टाउनिंगच्या पक्षाला ४६ टक्के मते पडली. १९३९ मध्ये राज्यघटना बदलण्याचे जनमत थोडक्यात हुकले आणि त्यांनी पक्षाचे अध्यक्षपद सोडले.

९ एप्रिल १९४० रोजी जर्मन सैन्य देशात शिरले. ते पदावर राहिले. १९४१ मधील एका भाषणात जर्मनांच्या नव्या युरोपशी जुळवून घेण्याची भाषा त्यांनी केली, ती त्यांच्याच माणसांना झोंबली. हा ठपका त्यांच्या नावावर आहे, आणि तो पुसू नये. ३ मे १९४२ रोजी ते वारले. देश सुटायला अजून तीन वर्षे होती.