बोली जिंकली, पण पैसे भरेना! ऑनलाइन लिलावात विक्रेत्याने काय करायचं?

समजा, पेणमधल्या एका घरात आजोबांच्या काळातलं पितळी घंगाळ आहे. ते व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिलावाला टाकलं. रात्री १० वाजता ९,००० रुपयांवर बोली 'फायनल' झाली, बोली लावणारा रोह्याचा. सकाळी उत्तर आलं, 'आज पाठवतो'. संध्याकाळी, 'बँकेचं अ‍ॅप चालत नाहीये'. तिसऱ्या दिवशी, 'घरी विचारून सांगतो'. चौथ्या दिवशी मेसेज वाचलाही जात नाही.

अशा वेळी बहुतेक विक्रेते दोनपैकी एक गोष्ट करतात. ग्रुपवर त्या माणसाचं नाव टाकून भांडतात किंवा गुपचूप दुसऱ्याला वस्तू विकून मोकळे होतात. दोन्हींत नुकसान विक्रेत्याचंच होऊ शकतं.

बोली मागे घेता येते का?

येते, पण एका क्षणापर्यंतच. वस्तू विक्री कायदा १९३० च्या कलम ६४ नुसार हातोडा पडेपर्यंत, म्हणजे विक्री झाल्याचं रूढ पद्धतीने जाहीर होईपर्यंत, बोली मागे घेता येते. त्यानंतर व्यवहार पक्का. हातोड्याच्या जागी अ‍ॅडमिनचं 'फायनल' असेल तर? माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम १०अ सांगतं की, करार इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला एवढ्याच कारणाने तो रद्दबातल ठरत नाही. म्हणून लिलाव कधी संपतो आणि पैसे किती वेळात द्यायचे, हे पहिल्याच मेसेजमध्ये लिहिलेलं असावं.

खरेदीदाराच्या बाजूनेही दोन अपवाद आहेत. तो १८ वर्षांखालचा असेल तर करारच होत नाही. ग्रुपवर हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा घडत असावं. दुसरं, भाव चढवायला विक्रेत्याने मित्राकडून खोट्या बोली लावून घेतल्या असतील, तर जिंकलेला माणूस कायद्यानेच माघार घेऊ शकतो.

वस्तू लगेच दुसऱ्याला विकावी का?

इथेच घाई नडते. याच कायद्याचं कलम ५४ सांगतं की, पैसे न मिळालेल्या विक्रेत्याने आधी खरेदीदाराला फेरविक्रीची सूचना द्यायची. वाजवी मुदतीत पैसे आले नाहीत तर वस्तू पुन्हा विकता येते आणि तोटा पहिल्या खरेदीदाराकडे मागता येतो. घंगाळ दुसऱ्या वेळी ७,५०० ला गेलं तर १,५०० रुपये त्याच्याकडून येणं. १०,००० ला गेलं तर वरचे १,००० विक्रेत्याचे. सूचना न देताच विकलं, तर भरपाई मागता येत नाही आणि वरचा नफाही पहिला खरेदीदार मागू शकतो. नाशवंत मालाला मात्र सूचनेची अट नाही. मासळी कुणाची वाट बघत नाही.

सूचनेला वकील लागतोच असं नाही. 'अमुक तारखेच्या बोलीचे ९,००० रुपये शुक्रवारी संध्याकाळी ६ पर्यंत न मिळाल्यास वस्तू पुन्हा विकली जाईल व तोटा आपल्याकडून वसूल केला जाईल' एवढं पुरे. बोलीचे आणि 'फायनल'चे स्क्रीनशॉट आधी काढून ठेवा, कारण ग्रुपमधले मेसेज उडतात. ग्राहक आयोगाकडे जाण्यात अर्थ नाही, विक्रेता तिथे ग्राहक ठरत नाही. मार्ग दिवाणी न्यायालयाचा. खरं सांगायचं तर १,५०० रुपयांसाठी तिथे कुणी जात नाही. बहुतेकदा सूचनाच काम करते.

परदेशी ग्राहकांसाठी ईबेवर नाणी किंवा तिकिटं विकणाऱ्यांची सोय बरी आहे. ४ दिवसांत पैसे आले नाहीत तर विक्रेता ऑर्डर रद्द करू शकतो आणि मागच्या बोलीदाराला 'दुसरी संधी' देऊ शकतो. ईबेची भारतातली साइट मात्र २०१८ मध्येच बंद झाली.

घर-जमिनीच्या लिलावात काय होतं?

इथे रक्कम मोठी आणि नियम कडक. पेणला हा विषय परका नाही. २०१० मध्ये पेण अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले. बँक बुडते तेव्हा वसुलीसाठी मालमत्ता विकाव्या लागतात. अशा लिलावात बोली जिंकून कुणी मागे फिरला, तर थांबावं लागतं ते ठेवीदाराला.

सरफेसी कायद्याखाली विकल्या जाणाऱ्या स्थावर मालमत्तेत जिंकणाऱ्याने २५ टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा पुढच्या कामकाजाच्या दिवशी भरायची. उरलेली विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. लेखी संमतीने मुदत वाढते, पण ३ महिन्यांपलीकडे नाही. पैसे थकले की अनामत जप्त आणि मालमत्ता पुन्हा लिलावात. दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीदाराला ती आपोआप मिळत नाही. सहकारी बँकाही हा कायदा वापरू शकतात, हे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या बँकेच्या प्रकरणात स्पष्ट केलं.

जप्ती किती कडक असू शकते? एका मालमत्तेसाठी १२.२७ कोटींची बोली लावणाऱ्याने ३.०६ कोटी भरले, बाकीचे जमले नाहीत. नंतर बँकेला त्याच मालमत्तेचे १४.७६ कोटी मिळाले, म्हणजे तोटा काहीच नाही. तरीही फेब्रुवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने पूर्ण जप्ती योग्य ठरवली.

पण हे वाचून सगळ्यांनीच अनामत गिळायची नाही. २०१५ मध्ये याच कोर्टाने दिल्ली विकास प्राधिकरणाला ७८ लाखांची अनामत परत करायला लावली होती. प्राधिकरणाचा काही तोटा झाला नव्हता, उलट भूखंड पुढे कितीतरी जास्त भावाने गेला होता. फरक असा की सरफेसीच्या नियमांतच जप्तीची तरतूद आहे. साध्या करारात ती वाजवी भरपाईपुरतीच टिकते. त्यामुळे ग्रुपवर अनामत घ्यायचीच तर छोटी घ्या आणि अट आधी लिहा.

टाळाटाळ की फसवणूक?

पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट आला तरी खात्यात रक्कम दिसल्याशिवाय वस्तू देऊ नका. 'पैसे घेण्यासाठी क्यूआर स्कॅन करून पिन टाका' असं कुणी सांगितलं तर तो खरेदीदारच नाही, कारण पैसे घ्यायला पिन लागत नाही. पैसे गेलेच तर तातडीने १९३० या हेल्पलाइनवर कळवा.

पेण-रोह्यासारख्या जवळच्या गावांत आणखी एक सोपा उपाय आहे. समोरासमोर भेटायचं, वस्तू दाखवायची, पैसे जमा झाले की हातात द्यायची. आढेवेढे घेणाऱ्या कित्येकांना मुळात फोटोतली वस्तू खरी आहे का, एवढीच शंका असते.